हार्दिक अभिनंदन!

दिवाळी चार दिवसांवर आली की आमच्या घरात दोन वस्तू हमखास बाहेर निघतात. एक चकलीचा सोऱ्या आणि दुसरी माझी रद्दी. सोऱ्या वर्षभर माळ्यावर असतो, तो ओट्यावर उतरतो. रद्दी वर्षभर माझ्या कपाटाखाली असते, ती दारापर्यंत येते. तेथून पुढे मात्र ती जात नाही. कारण सुतळी सोडून मी एकदा का त्या गठ्ठ्यापाशी बसलो की संध्याकाळपर्यंत उठत नाही, आणि तोपर्यंत रद्दीवाला पुढच्या गल्लीत पोचलेला असतो.

यंदाही तसेच झाले. "अहो, हा गठ्ठा या वर्षी तरी द्यायचा ना?" हिने स्वयंपाकघरातून विचारले. चिवड्याच्या फोडणीचा वास घरभर सुटला होता, आणि हिच्या आवाजातही थोडा त्या फोडणीचा तडतडाट होता.

"बघतो," मी म्हटले.

"गेली पंचवीस वर्षं तुम्ही बघताच आहात!"

हिचे म्हणणे खोटे नाही. हा गठ्ठा म्हणजे आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकांचा. १९७२ पासून १९९७ पर्यंतचे सव्वीस अंक. परक्या माणसाला त्यांत वाचण्यासारखे काही सापडणार नाही. विद्यार्थ्यांच्या पावसावरच्या कविता, विद्यार्थिनींच्या आईवरच्या कविता, जिमखान्याचा अहवाल, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे, आणि सर्वांत शेवटी, जाहिरातींच्या जरा अलीकडे, एक पान. 'महाविद्यालय-वृत्त' हे त्याचे नाव. त्याखाली जरा बारीक टाइपात 'प्राध्यापकांचे सुयश'. हे पान सव्वीस वर्षे मी लिहीत होतो. माझे एकूण वाङ्मय म्हणाल तर ते एवढेच.

हे काम माझ्याकडे कसे आले ते सांगतो. मी नोकरीला लागलो १९७० साली. दोन वर्षांनी प्राचार्यांनी मला बोलावले आणि म्हणाले, "तुमचा विषय मराठी, तेव्हा तुमचं मराठी चांगलं असणार. हे पान तुम्ही लिहीत चला." मराठीच्या प्राध्यापकाचे मराठी चांगले असते, असा त्या काळी एक समज होता. मी मान डोलावली. नव्या माणसाला दुसरे काही डोलवता येत नाही.

पहिल्या वर्षीच माझ्या ध्यानात आले की या पानाला मराठी चांगले असावे लागत नाही, ते ठरावीक असावे लागते. कोणाला पीएच.डी. मिळाली की 'हार्दिक अभिनंदन!' कोणाचे पुस्तक निघाले की नुसते 'अभिनंदन!' कोणी परदेशी जाऊन आला की 'आम्हांस सार्थ अभिमान वाटतो.' कोणी विद्यापीठाच्या अभ्यासमंडळावर निवडून आला की 'त्यांच्या कार्यास सुयश चिंतितो.' आणि कोणी निवृत्त झाला की 'उर्वरित आयुष्यासाठी शुभेच्छा.' एवढी पाच वाक्ये मी एका कागदावर लिहून टेबलाच्या खणात ठेवली होती. वर्षाअखेर नुसती नावे भरायची.

पण नावे भरणे हेच खरे अवघड काम होते. जानेवारी लागला की प्राध्यापक-कक्षात माझा भाव वाढे. एरवी माझ्याकडे न पाहणारे सहकारी माझ्या चहाचे पैसे देत. मग हळूच खिशातून एक चिठ्ठी निघे. "सहज सांगतो हं. छापायलाच पाहिजे असं काही नाही." वाचकहो, 'छापायलाच पाहिजे असं काही नाही' याचा अर्थ 'न छापलंत तर बघा' असा असतो, हे मला दुसऱ्या वर्षी कळले. एका गृहस्थांचे आकाशवाणीवर दहा मिनिटांचे भाषण झाले होते, ते मी छापले. दुसऱ्यांची दोन भाषणे झाली होती, तीही छापली. तर पहिले म्हणाले, "माझं भाषण सकाळी होतं, यांची दोन्ही दुपारी. सकाळी जास्त लोक ऐकतात. तसा उल्लेख असावा." एकदा हळदीकुंकवाला एका प्राध्यापकपत्नीने आमच्या हिला बाजूला घेऊन विचारले, "आमच्या ह्यांचं नाव दुसऱ्या ओळीत का हो आलं?" त्या संक्रांतीला तिळगूळ घेऊनही कोणी फारसे गोड बोलले नाही.

छापखान्याची गंमत निराळीच. त्या वेळी सगळे खिळ्यांचे काम. आमचा खिळे जुळवणारा माणूस हुशार होता. पण शब्द ओळखीचा वाटला की तो पुढचे न वाचताच जुळवी. एका वर्षी त्याने 'प्रबंध'चा 'प्रतिबंध' केला. 'प्रा. अमुक यांचा प्रतिबंध विद्यापीठाने मान्य केला असून त्यांचे हार्दिक अभिनंदन!' असे छापून आले. ते कुटुंबनियोजनाच्या प्रचाराचे दिवस होते. सहा महिने ते गृहस्थ माझ्याशी बोलले नाहीत.

असो. हसू येते खरे. पण या पानाची टिंगल करावी असे मला कधीच वाटले नाही. माणूस पाच-सात वर्षे घरादाराकडे न पाहता प्रबंध लिहितो, सुट्टीत पुस्तकांच्या धुळीत बसतो, बायको-मुलांना 'पुढच्या वर्षी महाबळेश्वर' असे सांगत राहतो, आणि अखेर त्याच्या हाती येते ती एक ओळ. ती त्याने कापून जपून ठेवली तर त्यात हसण्याजोगे काय आहे?

प्रश्न तो नाही. प्रश्न असा की त्या पानाच्या चाळणीतून काय खाली पडते आणि काय वर राहते.

हा विचार मला सुचला तो माझ्या स्वतःच्या कॉलेजामुळे. मी शिकलो पुण्याला, फर्ग्युसनमध्ये. १९५८ साली मी तिथे विद्यार्थी होतो, आणि त्याच वर्षी महर्षी कर्व्यांना वयाच्या शंभराव्या वर्षी 'भारतरत्न' मिळाले. कर्वे आमच्या कॉलेजचे. टिळकांनी १८९० साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली, आणि पुढल्या वर्षी गोखल्यांच्या सांगण्यावरून कर्वे गणित शिकवायला आले. १८९१ ते १९१४, तेवीस वर्षे त्यांनी गणित शिकवले. गोखले तरी कसले श्रीमंत! सोसायटीच्या आजीव सदस्याला महिना ७५ रुपये आणि वीस वर्षांची बांधिलकी. या तेवीस वर्षांत कर्व्यांनी १८९३ साली एका विधवेशी पुनर्विवाह केला, १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला. दिवसभर कॉलेजात गणित शिकवायचे आणि वर्ग सुटले की पायी हिंगण्याला जायचे.

आता समजा, माझे पान त्या वेळी असते. त्यात काय आले असते? 'रँग्लर' परांजप्यांना मी चौकट दिली असती, यात शंका नाही. १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले ते पहिले हिंदी गृहस्थ. 'आम्हांस सार्थ अभिमान वाटतो' हे वाक्य त्यांच्यासाठीच जन्मलेले. आणि इतके होऊन ते १९०२ साली परत आले ते फर्ग्युसनमध्ये शिकवायलाच. तसेच दामोदर कोसंबींचे. १९३४ साली त्यांना रामानुजन पारितोषिक मिळाले तेव्हा ते फर्ग्युसनमध्येच गणित शिकवीत होते. त्यांनी १९४४ साली आनुवंशिकतेच्या शास्त्रासाठी काढलेले एक सूत्र आजही जगभर त्यांच्याच नावाने वापरले जाते. हीही ओळ मी आनंदाने लिहिली असती.

पण कर्व्यांच्या नावापुढे मी काय लिहिले असते? 'प्रा. धों. के. कर्वे, गणित विभाग. संशोधन : निरंक. ग्रंथ : निरंक. परदेशगमन : निरंक.' हिंगण्याची रोजची पायपीट कुठल्या रकान्यात बसवली असती? माझ्या खणातल्या पाच वाक्यांपैकी त्यांना लागू पडणारे एकच होते. १९१४ साली. 'उर्वरित आयुष्यासाठी शुभेच्छा.' आणि त्यांचे उर्वरित आयुष्य केवढे निघाले पाहा! दोनच वर्षांनी, १९१६ साली, महिला विद्यापीठ.

हे सारे मला आमच्या कॉलेजातल्या गणिताच्या एका सरांनी प्रथम बोलून दाखवले. त्यांचे नाव मी इथे देत नाही. ज्यांनी त्यांच्याकडे गणित केले आहे ते ओळखतीलच.

हे सर माझ्याआधी दोन वर्षे, १९६८ साली, आमच्याकडे आले होते. प्राध्यापक-कक्षात त्यांची जागा खिडकीशेजारी, पाण्याच्या माठाजवळ. अंगात पांढरा बुशशर्ट, खिशाला खडूचा डाग, आणि टेबलावर कागदाच्या पुडीत भाजलेले शेंगदाणे. सव्वीस वर्षांत मला चिठ्ठी न देणारा हा एकच माणूस. पहिली काही वर्षे मीच विचारी, "सर, या वर्षी काही?" ते शेंगदाणा सोलत म्हणत, "काही नाही बुवा. पोरं पास झाली." मग मी विचारायचेही सोडले.

एकदा मात्र ते खुलले. मला वाटते १९७५ चा शेवट असेल. अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध विज्ञान मासिकात मार्टिन गार्डनर यांनी देवळालीच्या कापरेकरांविषयी लिहिले होते. सर ती बातमी घेऊन आले आणि चक्क टेबलावरच खडूने लिहू लागले. "कुठलेही चार आकडे सांगा. चारही सारखे मात्र नकोत." मी ३५२४ म्हटले. "आता मोठ्यापासून लहान लावा, ५४३२. मग लहानापासून मोठा, २३४५. वजा करा. काय आलं? ३०८७. पुन्हा तेच. ८७३० मधून ०३७८ गेले, ८३५२. पुन्हा. ८५३२ मधून २३५८ गेले, किती? ६१७४. आता याचंही तसंच करा. ७६४१ वजा १४६७. पुन्हा ६१७४! कुठूनही निघा, फार तर सात वजाबाक्यांत इथे येता. आणि इथून हलत नाही."

"हे कोणी काढलं?" मी विचारले.

"एका शाळामास्तरानं. १९४९ साली." सरांचा चेहरा उजळला होता. "डहाणूचा माणूस. तुमच्याच फर्ग्युसनमध्ये शिकला. १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक मिळवलं. आणि मग १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत पोरांना गणित शिकवलं. पीएच.डी. नाही, प्राध्यापकी नाही. तुमच्या पानात बसला असता का हो?"

मी हसलो. तेही हसले. टेबलावरचे आकडे दुसऱ्या दिवशी शिपाईमामांनी पुसले.

सरांविषयी मला आणखी एक गोष्ट माहीत होती, पण ती मी कधी मनावर घेतली नव्हती. विज्ञान शाखेच्या इमारतीच्या मागच्या व्हरांड्यात रोज संध्याकाळी पाचला ते एक फळा लावून उभे असत. समोर जमिनीवर पाच-दहा मुले. ही मुले कोण? तर सत्र परीक्षेत गणितात आपटलेली. त्याची फी नाही, हजेरी नाही, वेळापत्रकात नोंद नाही. शिकवण्या करून घर बांधणारे लोक त्या काळीही होते, आणि त्यांना सरांचा हा उद्योग अर्थातच आवडत नसे. आम्ही कला शाखेचे लोक पाचला घरी जायला निघत असू. लांबून तो फळा दिसे. 'सर अजून उभेच आहेत वाटतं,' असे आम्ही म्हणत असू, आणि सायकलींना टांग मारीत असू.

१९९१ साली सर निवृत्त झाले. त्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका दुपारी ते माझ्या टेबलाशी आले. हातात शेंगदाण्याची पुडी नव्हती, म्हणून मी जरा चमकलो. ते दोन मिनिटे नुसतेच उभे राहिले. मग म्हणाले, "या वर्षीच्या पानात माझ्याविषयी काही येणार आहे का?"

त्यांनी तो प्रश्न ज्या आवाजात विचारला तो आवाज आज मला ऐकू येतो. तेव्हा नीट ऐकू आला नाही. मी म्हटले, "म्हणजे काय सर! निवृत्तीची ओळ येणारच की!"

"बरं," ते म्हणाले. "घरी दाखवायला बरं असतं." आणि गेले.

मी ओळ लिहिली. खणातलेच वाक्य. 'गणित विभागातील ज्येष्ठ प्राध्यापक नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झाले. त्यांना उर्वरित आयुष्यासाठी शुभेच्छा.' पण अंक छापायला गेल्यावर प्राचार्यांच्या परदेश दौऱ्याच्या छायाचित्राचा ठोकळा आला. उशिरा आला, आणि मोठा आला. छापखान्यातून निरोप आला, 'पानातून दोन ओळी कमी करा.' मी पान समोर घेतले. पीएच.डी.ची ओळ काढता येईना, ते गृहस्थ आधीच प्रतिबंधामुळे दुखावलेले होते, आता त्यांच्या विद्यार्थ्याला पदवी मिळाली होती. अभ्यासमंडळाची काढता येईना, ते पुढे अधिष्ठाता होणार असे म्हणत. आकाशवाणीची काढली तर चहा बंद. राहता राहिली सरांची. ते काही बोलणार नाहीत हे मला ठाऊक होते. जो बोलणार नाही त्याची ओळ काढायची, हा सगळ्या संपादकांचा नियम असावा. मी लाल शाईने दोन ओळींवर रेघ मारली. मोजून अर्धे मिनिट लागले असेल.

अंक निघाला तेव्हा सर आपली प्रत न्यायला आले. उभ्या उभ्या शेवटचे पान उघडले. वरपासून खालपर्यंत पाहिले. पुन्हा एकदा पाहिले. अंक मिटला आणि म्हणाले, "छान झालाय अंक." मी काहीतरी ठोकळ्याविषयी पुटपुटलो. ते म्हणाले, "अहो, चालायचंच." काही वर्षांनी ते गेल्याचे मला वर्तमानपत्रातून कळले. निधनवार्तेच्या रकान्यात चार ओळी होत्या. माझ्या पानापेक्षा चार जास्त.

आता यंदाची गोष्ट. दिवाळीसाठी मुलगी माहेरी आली आहे. बँकेत मोठ्या हुद्द्यावर पोचलेली, साठीकडे झुकलेली बाई. पण माहेरी आली की अजून फरशीवर फतकल मारून बसते. ती माझ्याशेजारी बसली आणि एकेक अंक चाळू लागली. मधेच तिने विचारले, "अण्णा, १९९१ चा कुठं आहे?"

मी दिला. तिने सरळ शेवटचे पान काढले आणि त्यावर हात ठेवून गप्प बसली.

"काय शोधते आहेस?"

"काही नाही. तेव्हाही शोधलं होतं. तेव्हाही नव्हतं."

"कोणाचं?"

तिने सरांचे नाव घेतले.

माझ्या छातीत काहीतरी खाली बसले. ती तुझ्या ओळखीची कशी, असे विचारण्यात अर्थ नव्हता. तिने त्यांच्याच विभागात पदवीचे गणित केले होते. पण इतक्या वर्षांनी ते एक पान हिने का उघडावे? मी तिच्याकडे नुसता पाहत राहिलो.

"तुम्हांला कधी सांगितलं नाही," ती म्हणाली. "पहिल्या वर्षाला, पहिल्या सत्रात, मी गणितात नापास झाले होते. पन्नासपैकी अकरा. यादी विज्ञानच्या फळ्यावर लागली होती, आणि तुम्ही त्या इमारतीत कधी येत नसा. मी जिन्याखाली रडत बसले होते. सरांनी पाहिलं. म्हणाले, 'तू अमक्यांची मुलगी ना?' मी म्हटलं, 'हो. पण सर, अण्णांना सांगू नका.' ते म्हणाले, 'मी कशाला सांगू? पण उद्यापासून पाचला व्हरांड्यात यायचं.'"

"पण तू तर संध्याकाळी ग्रंथालयात..."

"हो, तुम्हांला तसंच सांगत होते."

आणि मला एकदम आठवले. १९८५ च्या दिवाळीनंतरचे दिवस. प्राध्यापक-कक्षात मी मोठ्या तोऱ्याने सांगत असे, "आमची कन्या रोज संध्याकाळी ग्रंथालयात बसते बरं का! सात वाजल्याशिवाय घरी येत नाही." खिडकीशेजारी, माठाजवळ, सर शेंगदाणे सोलीत बसलेले असत. ते ऐकत. मान वरसुद्धा करीत नसत.

"पहिल्या दिवशी माझं जन्मवर्ष विचारलं," मुलगी सांगत होती. "मी म्हटलं १९६७. म्हणाले, लाव मोठ्यापासून. ९७६१ वजा १६७९. ८०८२. मग ८८२० वजा ०२८८. ८५३२. मग ८५३२ वजा २३५८. ६१७४. 'बघ,' म्हणाले, 'तीनच पावलांत पोचलीस! कुठूनही निघालीस तरी पोचशील. घाबरायचं नाही. फक्त वजाबाकी चुकवायची नाही.' अण्णा, मी आजही बँकेत मोठा हिशेब घेतला की आधी मनात ते वाक्य म्हणते."

"मग १९९१ साली का नाही बोललीस? ओळ नाही म्हणून?"

"बोलले असते तर सगळंच सांगावं लागलं असतं."

एवढ्यात ही पदराला हात पुसत बाहेर आली. "मला ठाऊक होतं," ती शांतपणे म्हणाली. मी चकित होऊन पाहू लागलो. "पोरीचा चेहरा आईला कळत नाही का? त्या दिवाळीला मी लाडवांचा डबा दिला होता सरांसाठी. त्यांनी एकच लाडू घेतला आणि डबा परत पाठवला. फी वाटेल म्हणाले."

म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक होते. सरांना ठाऊक होते. आणि फेब्रुवारीतल्या त्या दुपारी जेव्हा ते माझ्या टेबलाशी उभे राहिले, तेव्हा एका शब्दाने ते म्हणू शकले असते, 'तुमच्या मुलीला मी...' तो शब्द त्यांनी उच्चारला नाही. मुलीला दिलेले वचन त्यांनी सहा वर्षांनंतरही पाळले, स्वतःसाठी एक ओळ मागतानासुद्धा. आणि मी ती ओळ एका ठोकळ्याखाली घातली.

आता काळ बदलला आहे. आमच्या शेजारची तरुण प्राध्यापिका सांगत होती की २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रत्येक कामाला गुण देण्याची पद्धत आणली. निबंधाला इतके, परिषदेला इतके, पुस्तकाला इतके. २०१८ साली ते नियम पुन्हा बदलले. मी त्याला नावे ठेवणार नाही. माझ्या चहाच्या पेल्यावर ठरणाऱ्या क्रमापेक्षा ते बरेच म्हणायचे. पण मी तिला विचारले, "संध्याकाळी पाच वाजता व्हरांड्यात उभं राहण्याला किती गुण?" ती हसली. मग जरा वेळाने म्हणाली, "काका, आमच्याकडेही आहेत तसे एक. त्यांचा तक्ता नेहमी रिकामाच असतो."

मी १९९१ चा अंक मांडीवर घेतला आणि पेन मागितले. प्राचार्यांच्या छायाचित्राखाली समासात बोटभर कोरी जागा होती. छत्तीस वर्षांपूर्वी कोणी विचारले असते तर म्हटले असते की एक ओळ लिहायला मला पेनाचे टोपण काढण्याइतकाही वेळ लागत नाही. आज अर्धा तास लागला. 'हार्दिक अभिनंदन' बसेना. 'सार्थ अभिमान' लिहायचा मला अधिकार नव्हता. 'उर्वरित आयुष्य' तर संपून गेले होते. खणातली पाचही वाक्ये एकामागून एक बाजूला सारली. शेवटी लिहिले ते असे :

'गणित विभागातील सर या वर्षी निवृत्त झाले. तेवीस वर्षे ते रोज संध्याकाळी पाच ते सहा व्हरांड्यात उभे राहून नापास झालेल्या मुलांना शिकवीत होते. त्यांतली एक माझी मुलगी.'

आणि त्याखाली प्रथमच, सव्वीस वर्षांत कधी केली नव्हती ती, माझी सही केली.

खालून रद्दीवाल्याची आरोळी आली. "काय करू, बोलवू का?" हिने विचारले.

"बोलाव," मी म्हटले. "पंचवीस अंक ने म्हणावं. एक राहू दे."

ही काही बोलली नाही. सुतळी घेऊन गठ्ठा बांधायला बसली. मुलगी तोवर माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिने ओळीवर बोट ठेवले.

"अण्णा, पाच ते सहा नव्हे. सात. सातपर्यंत असायचे सर."

मी 'सहा' खोडले आणि त्यावर 'सात' लिहिले.